आधी पाणी गेलं की आधी मशीन तापलं? बंदी उठण्याआधी बोटीच्या इंजिनाची ही तपासणी करून घ्या

अंधेरी / बोरिवली : जुलै सरत आला की वेसावे, मढ, भाटी, मनोरी आणि गोराईच्या किनाऱ्यावर एकच गडबड उडते. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी संपायला आलेली असते. शाकारलेल्या बोटी उघड्या होतात. कुणी रंग काढतंय, कुणी डोलीची जाळी सांधतंय, कुणी डिझेलच्या परमिटसाठी सोसायटीत खेटे घालतंय. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट हमखास मागे पडते. मे महिन्यात मशीनच्या टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं कमी होत होतं, ते कुठं जात होतं याचा शोध.

मशीन म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेलं डिझेल इंजिन. पाणी कमी झालं की खलाशी वरून ओततो आणि बोट पुढं जाते. जाताना गोड्या पाण्याचा एक कॅन जास्त घेतला की झालं, अशी सवयच पडून गेली आहे. शेतकऱ्याची गतही वेगळी नाही. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये रोज तांब्याभर पाणी ओतून नांगरट उरकणारे गावोगाव सापडतील. फरक इतकाच, की ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावर सावलीला बसता येतं. बोट बंद पडली तर ती वारा आणि ओहोटी नेईल तिकडं जाते.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा म्हणजे समुद्र अजून पुरता शांत नसतो. वेसावे आणि मढच्या मधे मालाड खाडीचं जे तोंड आहे, तिथं गाळ साचून पाणी उथळ झालंय. बोटी भरतीची वेळ बघूनच आत-बाहेर करतात. नेमकं त्या तोंडावर मशीन जाम झालं तर नांगर धरेपर्यंत बोट वाळूवर नाहीतर खडकावर जाऊ शकते. बोटीवरची सात-आठ माणसं, हंगामासाठी घेतलेली उचल, नवीन जाळी, बर्फ आणि डिझेलचा खर्च हे सगळं त्या टाकीतल्या चार लिटर पाण्याला टांगलेलं असतं.

बोटीत पाणी दोन, वाटा दोन

ट्रॅक्टरला रेडिएटर आणि पंखा असतो, वारा पाण्याला थंड करतो. बोटीच्या पोटात वारा कुठून येणार? म्हणून तिथं समुद्राचंच पाणी कामाला लावलेलं असतं. इंजिनाच्या आत फिरतं ते गोडं पाणी किंवा कूलंट. ते बंद वाटेनं गोल गोल फिरतं आणि खरं तर कमी व्हायलाच नको. दुसरी वाट खाऱ्या पाण्याची. बोटीच्या तळाच्या भोकातून ते आत येतं, जाळीतून गाळलं जातं, रबरी पात्यांचा पंप म्हणजे इम्पेलर ते ओढतो, कूलरच्या बारीक नळ्यांतून ते जातं आणि गोड्या पाण्याची उष्णता घेऊन बाहेर पडतं. याच कूलरला पुस्तकात हीट एक्स्चेंजर म्हणतात. काही बोटींना असा कूलर नसतो. त्यांच्या तळाखालून, कण्याला लागून पाइप गेलेला असतो, गोडं पाणी त्यातूनच फिरून बाहेरच्या समुद्रावर थंड होतं.

ही दोन पाणी कधीच एकमेकांना भेटत नाहीत. भेटली की रोग सुरू.

पाणी कमी झालं की बहुतेक वेळा पहिला संशय हेड गॅस्केटवर जातो. मेकॅनिक येतो, हेड उघडतो, दोन दिवस जातात, पैसे जातात आणि आठवड्यानं पाणी पुन्हा कमी. कारण विचारायचा प्रश्न विचारलेलाच नसतो: आधी पाणी गेलं आणि मग मशीन तापलं, की आधी मशीन तापलं आणि मग पाणी उकळून झाकणातून बाहेर गेलं? दोन्हीचा शेवट सारखाच दिसतो. टाकी रिकामी, काटा वर, तांडेलाचा जीव टांगणीला. पण पहिल्यात दोष गोड्या पाण्याच्या वाटेत असतो, दुसऱ्यात खाऱ्या पाण्याच्या. चुकीच्या वाटेवर शोधलं तर जन्मात सापडणार नाही.

आधी तापलं असेल तर खाडीकडं बघा

उपनगरातल्या बोटींच्या बाबतीत ही दुसरी बाजू जास्त गंभीरपणे घ्यायला हवी. ओशिवरा नदी मालाड खाडीला मिळते, दहिसर नदी मनोरीच्या खाडीला. नद्या म्हणायचं, पण अर्ध्या उपनगराचं सांडपाणी आणि कचरा त्यांच्यातूनच खाली येतो. वेसाव्याच्या किनाऱ्यावर काय साचतं ते साऱ्या जगानं पाहिलंय. अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये तिथं सफाई सुरू केली आणि पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा सन्मान केला. पण किनाऱ्यावरचा कचरा डोळ्यांना दिसतो, पाण्यात तरंगणारी पिशवी दिसत नाही. ती तळाच्या भोकाला चिकटली की पंपाला पाणीच मिळत नाही. पावसाळ्यात तर गाळही येतो. तो जाळीतून सुटतो आणि कूलरच्या नळ्यांत थर धरून बसतो.

याची खूण अशी. बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याची धार बारीक होते किंवा थांबते. ती धार रोज बघायची सवय हवी, निरोगी असताना ती किती जाड असते ते ठाऊक असेल तरच बारीक झालेली कळते. खाडीत असताना मशीन तापतं आणि खोल समुद्रात गेल्यावर काटा खाली येतो, तर पिशवी किंवा गाळाचा संशय घ्यावा. उलट, मंद चालीत ठीक आणि जोर दिला की तापतं, तर नळ्या अर्ध्या बुजल्या असण्याची शक्यता जास्त.

इथं हेड उघडण्याचं काहीच कारण नाही. तळाचा वॉल बंद करून जाळी साफ करा. इम्पेलर काढून पाती मोजा. एखादं पातं तुटलेलं असेल तर नुसता नवा इम्पेलर बसवून भागत नाही, तुटलेला रबराचा तुकडा पुढं कूलरच्या तोंडाशी अडकलेला असतो, तो शोधून काढायलाच लागतो. दोन महिने कोरडा पडलेला इम्पेलर एकाच आकारात वाकून बसतो, त्यामुळे बंदीनंतर तो बदललेलाच बरा. आणि किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीचं मशीन 'जरा चालवून बघू' म्हणून सुरू करू नये. खारं पाणी नसताना रबराची पाती काही मिनिटांत जळतात. चालवायचंच असेल तर पिंपातून नळी लावून पाणी द्या.

आधी पाणी गेलं असेल तर

आता खरी गळती. पण त्याआधी एक खोटी गळती बाजूला काढू, कारण तिनं पुष्कळांना फसवलंय. थंड टाकी गळ्यापर्यंत भरली की मशीन तापल्यावर पाणी फुगतं आणि झाकणाच्या नळीतून बाहेर पडतं. २० लिटर पाणी ३० अंशांवरून ८५ अंशांवर गेलं की अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं, कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहूनही थोडं अधिक. ते बाहेर पडलं की सकाळी टाकी 'कमी' दिसते, खलाशी पुन्हा गळ्यापर्यंत भरतो, पुन्हा तेच. खुणेपर्यंत भरा, वरची मोकळी जागा मोकळी राहू द्या आणि दोन दिवस बघा. पातळी एका जागी थांबली तर गळती नव्हतीच.

झाकणही तपासा. हे नुसतं झाकण नाही, आत स्प्रिंग आणि रबर आहे. ते पाण्यावर दाब धरून ठेवतं आणि दाब असेल तर पाणी उशिरा उकळतं. अर्ध्या बारच्या दाबाला पाणी १०० ऐवजी साधारण १११ अंशांना उकळतं. रबर फाटलं की हा फायदा गेला, पाणी वाफ होऊन उडतं आणि खाली एक थेंबही दिसत नाही. झाकणावर ७ किंवा १३, नाहीतर ०.५ किंवा ०.९ असा आकडा असतो. त्याच आकड्याचं नवीन घ्यावं. बाजारात बसतं म्हणून कुठलंही आणू नये. हजारोंचं हेड उघडण्याआधी झाकण बदलून बघण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

त्यानंतर वही काढा. किती तास मशीन चाललं आणि किती लिटर पाणी घातलं, एवढंच लिहायचं. दोन तासांना एक लिटर जात असेल तर दहा तासांच्या फेरीत पाच लिटर, म्हणजे २० लिटरच्या मशीनमधलं पाव पाणी. हा हिशेब मेकॅनिकच्या हाती दिला की तो अंदाजावर बोलत नाही.

बाहेरची गळती शोधायला मशीन आधी पुसून कोरडं करायला हवं. तेल-काजळीच्या थरावर पाणी कुठून आलं ते कधीच कळत नाही. बोटीच्या पोटातलं पाणी उपसून तळ पुसा, खाली पुठ्ठा अंथरा. मग हातपंपानं टाकीत झाकणाच्या आकड्याइतकाच दाब भरा. ट्रक-ट्रॅक्टरच्या रेडिएटरवाल्याकडं हा पंप असतो. टायरचा कॉम्प्रेसर थेट लावू नका, जादा दाबानं चांगले जोडही फुटतात. तासभर काट्याकडं लक्ष ठेवा. काटा उतरतोय आणि पुठ्ठा ओला होतोय, तर बोटानं माग काढत वर जा. होज पाइपच्या क्लिपा, गोड्या पाण्याच्या पंपाखालचं बारीक भोक, ब्लॉकवरच्या गोल पत्र्याच्या डब्या, पाणी सोडायचा नळ. पंपाच्या भोकातून थेंब येत असेल तर आतलं सील गेलंय. ते भोक एम-सीलनं बुजवणाऱ्याला काय म्हणावं? ते भोक पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणूनच ठेवलेलं असतं. गळती वाळून गेली असेल तरी पांढरा किंवा कूलंटच्या रंगाचा खरपुडा मागे राहतो, तोही पुरावाच.

काटा उतरतोय आणि पुठ्ठा कोरडा आहे, मग पाणी आतल्या आत चाललंय. इथं तीन जागा बघायच्या.

त्यातली कूलरची नळी समुद्रकाठी सगळ्यात आधी तपासावी, आणि नेमकी तीच शेवटी तपासली जाते. नळीला बारीक भोक पडलं की मशीन चालू असताना गोड्या पाण्याचा दाब जास्त असतो, म्हणून ते खाऱ्या पाण्यात मिसळून समुद्रात जातं. बोटीत थेंब नाही, धूर नाही, तेल स्वच्छ. मशीन थंड झालं की उलटं होतं, आत ओढ बसते आणि खारं पाणी गोड्या वाटेत शिरतं. त्यामुळे कधी कधी सकाळी टाकी भरलेली दिसते आणि तांडेल खूश होतो! तो खारटपणा आतून ब्लॉक, पंप आणि हेड खात असतो.

ओळखायची सोपी युक्ती आहे. घरच्या फिल्टरवाल्याकडं पेनासारखा टीडीएस मीटर असतो. टाकीत पाणी भरताना त्याचा आकडा लिहून ठेवा, चार दिवसांनी थंड मशीनमधलं पाणी पुन्हा मोजा. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. २० लिटरमध्ये एकच लिटर खारं पाणी शिरलं तरी आकडा दीड हजारांहून जास्त उडी मारतो. कूलंट असेल तर त्याचा स्वतःचा आकडाही मोठा असतो, म्हणून भरतानाची नोंद महत्त्वाची. जिभेला लावून चव बघायची जुनी पद्धत मात्र सोडा, कूलंट विषारी असतं.

पक्का निकाल हवा असेल तर कूलरच्या दोन्ही खाऱ्या नळ्या सोडवा, आतलं पाणी निथळू द्या आणि गोड्या बाजूला दाब भरा. खाऱ्या तोंडातून थेंब पडला की चोर सापडला. याच वेळी कूलरमधली जस्ताची कांडी काढून बघावी. खाऱ्या पाण्यात गंज आधी तिला खातो आणि नळ्या वाचतात. ती अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर बदला. पुष्कळ मशीनमध्ये ती जागा नुसता बोल्ट मारून बंद केलेली असते.

दुसरी जागा हेड गॅस्केट किंवा तडकलेलं हेड. थंड मशीन झाकण उघडं ठेवून सुरू करा. टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावल्यावर मिनिटभरात, पाणी तापायच्या आधीच, होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरचा दाब पाण्यात येतोय. सायलेन्सरमधून मशीन गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहणं हीही खूण. पण ज्या मशीनचं खारं पाणी सायलेन्सरमधूनच बाहेर जातं तिथं वाफ नेहमीचीच असते, तिच्यावरून निकाल देऊ नये.

तिसरी जागा तेल. रात्रभर उभ्या मशीनच्या चेंबरचा नट सकाळी, स्टार्टर मारायच्या आधी, जरासा सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं आणि आधी तेच येतं. डीपस्टिकवर दुधी फेस दिसेपर्यंत थांबलात तर बेअरिंगला मार बसायला सुरुवात झालेली असते. टाकीत तेलाचा तवंग दिसला तर ऑइल कूलर बघा. मशीन चालताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो म्हणून तेल पाण्यात जातं, बंद झाल्यावर पाणी तेलात. आणि सिलिंडरमध्ये पाणी उतरल्याचा संशय असेल तर स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून आधी हातानं फिरवा.

काट्यावर किती विसंबायचं?

एक गोष्ट तांडेलांनाही नवीन वाटेल. तापमानाचा काटा पाण्याचं तापमान सांगतो. सेन्सरजवळचं पाणीच निघून गेलं तर तो कोरडा पडतो आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. काटा अचानक खाली आला म्हणून जोर वाढवला आणि मशीन जाम झालं, असं होतं. टाकीत पातळीचा सेन्सर आणि भोंगा बसवला तर तो त्याआधी ओरडतो.

समुद्रात तापलंच तर आधी जोर काढा, बोट सावरा, मग मशीन बंद करा. तापलेलं झाकण उघडू नका, वाफेनं तोंड-हात भाजतात. होज हाताला मऊ लागेपर्यंत थांबा. लालबुंद मशीनमध्ये थंड पाणी ओतलं तर हेड तडकतं. गोडं पाणी संपलं आणि जीवावर बेतलं तर खारं पाणी घालून किनारा गाठायला हरकत नाही, पण आल्या दिवशी गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन काढा. मदतीसाठी व्हीएचएफवर १६ नंबरचा चॅनल आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सगळ्या खलाशांना पाठ हवा. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांनी ज्या ट्रान्सपाँडर योजनेची सुरुवात केली, त्या यंत्रातून रेंज नसतानाही उपग्रहामार्फत संकटाचा संदेश जातो. बोटीवर ते बसवलेलं असेल तर वापरायचं कसं, हे एकट्या तांडेलाला माहीत असून चालत नाही.

योजना घेण्याच्या, निगा कुणाची?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांना त्याआधीच लागू झालं होतं. कर्ज, अनुदान, डिझेलवरचा परतावा या गोष्टींवर भरपूर बोललं जातं आणि बोललं जावंही. पण बोट घेतल्यानंतर मशीन टिकवायचं कसं, याचा प्रश्न येतो तेव्हा मच्छीमार एकटा असतो. शेतकऱ्याचा अनुभव याहून वेगळा नाही. ट्रॅक्टरला अनुदान मिळतं, गावात तो नीट उघडणारा माणूस मिळत नाही.

गंमत अशी, की शिक्षणाची सोय वेसाव्यातच आहे. मत्स्यव्यवसाय विभागाचं प्रशिक्षण केंद्र तिथं आहे आणि सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन व सागरी डिझेल इंजिन देखभाल असा सहा महिन्यांचा वर्ग ते चालवतं. वर्ग चांगला आहे. पण सहा महिने धंदा सोडून बसणं ज्याच्यावर घर चालतं त्याला परवडत नाही, आणि जाहिरातीत साधारण १८ ते ३५ वयाची अट असते. बोटीवर मशीन सांभाळणारे पुष्कळ जण त्या वयाच्या पुढं गेलेले आहेत. बंदीच्या ६१ दिवसांत बोटी किनाऱ्यावर आणि माणसं घरी असतात. त्याच दिवसांत मढला चार दिवस, मनोरीला चार दिवस असं शिबिर घेतलं, सोबत दाब तपासायचा एक पंप आणि एक टीडीएस मीटर नेला, तर सरकारी खर्चाच्या मानानं ती रक्कम नगण्य आहे. सोसायट्यांनाही असा एक पंप विकत घेऊन सभासदांना आळीपाळीनं द्यायला कुणी अडवलेलं नाही. ट्रान्सपाँडरनं संकट कळवता येतं. ते येऊच नये म्हणून लागणारी वस्तू त्याहून कितीतरी साधी आहे, आणि तीच कुठल्याही योजनेत ठळकपणे दिसत नाही.

कूलंटच्या खर्चाचंही तसंच. मुंबईत पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारलं जातं. ते गोठण्यासाठी नाही, गंज आणि लायनरला पडणारे खड्डे रोखण्यासाठी घालायचं. आणि गळती तशीच ठेवून रोज साधं पाणी ओतलं की महिन्याभरात महागाचं कूलंट पातळ होऊन नुसतं रंगीत पाणी उरतं.

ज्यांच्या बोटीखालून पाइप गेलेला आहे त्यांच्यासाठी वेळ सगळ्यात कमी आहे. तो पाइप, त्याचे जोड आणि बोटीच्या लाकडातून किंवा फायबरमधून तो जिथं आत शिरतो ती जागा, बोट वाळूवर असेपर्यंतच दिसते. कालवं आणि शेवाळ खरवडून, दाब भरून, साबणाच्या पाण्याचा हात फिरवून ही तपासणी अर्ध्या दिवसात होते. एकदा पौर्णिमेच्या भरतीला बोट पाण्यात ढकलली की तोच पाइप बघायला पुन्हा बोट ओढून घ्यावी लागते, आणि ऐन हंगामात त्याला कुठलाही नाखवा तयार होत नाही.